ॲम्प्लिफायर किट : तीच ट्रान्झिस्टर जोडी पुन्हा पुन्हा जळत असल्यास भाग कसे तपासावेत

किट जोडून पूर्ण झालेले असते, सोल्डरचे सांधे चकचकीत दिसत असतात, आणि वीज देताच फ्यूज उडतो. तपासल्यावर आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी आरपार शॉर्ट झालेली आढळते. नवी जोडी बसवली जाते, आणि तीही पहिलीच्याच वाटेने जाते. ही तक्रार इतक्या नियमितपणे कानांवर येते, की तिच्याबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकावीशी वाटते : जळालेला भाग हा बहुतेक वेळा दोषी नसतो. आउटपुट ट्रान्झिस्टर साखळीच्या अखेरीस बसलेले असतात आणि मागच्या टप्प्यात कुणीही केलेल्या चुकीची शिक्षा त्यांनाच भोगावी लागते. मूळ चूक बहुधा अशा एखाद्या लहान भागात असते, जो जागेवर सरळ बसला नाही, म्हणून वाकवून, दाबून किंवा ‘याच्या जोडीचाच आहे’ असे समजून बसवला गेला.

स्वतःचा अनुभव सांगतो. बीडी१३९ हा बायस ट्रान्झिस्टर (आउटपुट जोडीतून शांत असताना किती प्रवाह वाहावा हे ठरवणारा) अपेक्षित असलेल्या एका स्टिरिओ किटमध्ये त्याच्याऐवजी टीओ-२२० नावाच्या आवरणाच्या आकाराचा, एनपीएन प्रकारचाच दुसरा ट्रान्झिस्टर पुडीत आला होता. सोबतच्या कागदावर ‘किंवा समतुल्य’ असे छापलेले होते. बीडी१३९ चे पाय एकमेकांपासून सुमारे २.३ मिमी अंतरावर असतात, टीओ-२२० चे २.५४ मिमी. पाय किंचित आत दाबले आणि भाग छिद्रांत गेला. अडचण अंतराची नव्हतीच. अक्षरे असलेली बाजू आपल्याकडे धरली, तर बीडी१३९ मध्ये डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असा क्रम असतो आणि टिप४१ सारख्या टीओ-२२० भागांत बेस, कलेक्टर, एमिटर असा. मधला पाय दोन्हींत कलेक्टरच असल्यामुळे वरवरच्या तपासणीत सारे ठीक वाटते. प्रत्यक्षात मात्र बेस आणि एमिटर यांची अदलाबदल झालेली असते. बायस ट्रान्झिस्टर असा उलटा बसला की तो वीज वाहून नेतच नाही, त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज वाढत जातो आणि वरचा व खालचा असे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण उघडतात. पुरवठ्याच्या धन पट्टीपासून (धन व्होल्टेजच्या तारेपासून) ऋण पट्टीपर्यंत सरळ रस्ता तयार होतो. माझ्या दोन जोड्या अशा गेल्या. दुसरी जोडी बसवण्याआधी मी पहिल्या जोडीला ‘खराब माल’ ठरवून मोकळा झालो होतो, ही यातली अधिक लाजिरवाणी बाब.

उपाय साधा होता : तो ट्रान्झिस्टर १८० अंशांत फिरवून बसवायचा. पण तसे केल्यावर त्याची धातूची बाजू हीटसिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) न राहता बाहेर येते, आणि बायस ट्रान्झिस्टरचे हीटसिंकला चिकटून असणे ही सोयीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. आउटपुट ट्रान्झिस्टर तापले की बायस ट्रान्झिस्टरही तितकाच तापला पाहिजे, म्हणजे तो बायस आपोआप कमी करील. तो हवेत लोंबकळत राहिला तर प्रवाह उष्णता वाढवतो, उष्णता प्रवाह वाढवते, आणि पंधरा मिनिटे उत्तम वाजलेला ॲम्प्लिफायर सोळाव्या मिनिटाला जळतो. म्हणून अशा वेळी भाग फिरवण्यापेक्षा योग्य क्रमाचा भाग मिळवावा, किंवा तीन बारीक, इन्सुलेशन असलेल्या तारांनी जोडून तो हीटसिंकवर वेगळा बसवावा.

नवी जोडी बसवण्याआधी

आणखी एक जोडी पणाला लावण्यापूर्वी दोन संरक्षणे उभी करावीत. पहिले म्हणजे सीरीज बल्ब : ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (भिंतीतली वीज घेणाऱ्या वेटोळ्याला) येणाऱ्या फेजच्या तारेत ६० किंवा १०० वॅटचा तंतूचा बल्ब एकसरीत जोडावा. एलईडी बल्ब येथे निरुपयोगी आहे, कारण आपल्याला हवा असतो तो तापल्यावर वाढणारा तंतूचा रोध. सर्व ठीक असेल तर कपॅसिटर भरत असताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंद होतो किंवा विझतो. तो तेजस्वी राहिला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. दुसरे म्हणजे दोन्ही डीसी पट्ट्यांच्या फ्यूजऐवजी तात्पुरते १०० ओहम, ५ वॅटचे रेझिस्टर लावावेत. ५० मिलिअँपिअर प्रवाहाला अशा रेझिस्टरवर ५ व्होल्ट पडतात. म्हणजे हाच रेझिस्टर प्रवाहमापकही होतो आणि अनर्थ झालाच तर ट्रान्झिस्टरऐवजी स्वतः धूर काढतो. या अवस्थेत स्पीकर जोडू नये.

वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. २२० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने ते रिकामे करावेत. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला सुमारे ११ सेकंद लागतात. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची पद्धत कपॅसिटर, पेचकस आणि डोळे या तिघांनाही वाईट. प्रायमरीची बाजू आणि बल्बचे जोड उघडे ठेवू नयेत. त्यांच्यावर काम करायचे असेल तेव्हा प्लग भिंतीतून बाहेर काढलेला असावा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

लहान ट्रान्झिस्टर : आकार एक, क्रम तीन

टीओ-९२ आकाराच्या काळ्या ट्रान्झिस्टरांइतकी फसगत दुसरा कोणताही भाग करत नाही. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर बीसी५४६, बीसी५४७ आणि बीसी५५६ यांचा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर असतो. २एन३९०४, २एन५५५१ आणि २एन५४०१ यांचा एमिटर, बेस, कलेक्टर. २एससी१८१५ आणि २एसए१०१५ यांचा एमिटर, कलेक्टर, बेस. म्हणजे बीसी५४६ च्या जागी २एन५५५१ घालायचा तर तो नुसता उलटा फिरवला की काम होते. पण २एससी१८१५ घालायचा तर दोन पाय एकमेकांवरून ओलांडावे लागतात आणि त्यांतल्या एकाला स्लीव्ह चढवावी लागते. बोर्डावर छापलेली अर्धवर्तुळाची आकृती केवळ मूळ भागापुरती खरी असते, पर्यायी भागाबद्दल ती काहीच सांगत नाही.

क्रमाविषयी शंका असल्यास मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. ज्या पायापासून उरलेल्या दोन्ही पायांकडे ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसतात तो बेस. या दोन आकड्यांपैकी काही मिलिव्होल्टने मोठा असलेला आकडा एमिटरचा असतो. हा फरक फार लहान असतो, म्हणून मीटरमध्ये एचएफई (बेसच्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहतो तो आकडा) मोजण्याची सोय असेल तर खात्री करून घ्यावी : कलेक्टर आणि एमिटर उलटे घातले तर आकडा दहा-वीसच्या आसपास घुटमळतो, सरळ घातले की शंभर-दोनशेच्या पुढे जातो.

व्होल्टेजची मर्यादाही याच टप्प्यावर पाहून घ्यावी. २४-०-२४ व्होल्टच्या (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही पट्ट्या साधारण ३३ व्होल्टच्या होतात, त्यामुळे व्होल्टेज वाढवणाऱ्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरला ६५-६६ व्होल्टपर्यंत सोसावे लागते. बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट आहे, बीसी५४६ ची ६५, २एन५५५१ ची १६०. बीसी५४७ त्या जागी छान बसतो, काही दिवस वाजतोही, आणि एके दिवशी आपल्यासोबत आउटपुट जोडीला घेऊन जातो.

रेझिस्टर आणि सिरॅमिक कपॅसिटर वाचण्यातील चुका

पाच पट्ट्यांच्या निळ्या रेझिस्टरची सुरुवात कोणत्या टोकाकडून करायची, हे अनेकदा कळत नाही. १० किलोओहमचा क्रम तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी असा असतो. तोच दुसऱ्या टोकाकडून वाचला तर १२० ओहम होतात. १ किलोओहम उलटा वाचला तर ११० ओहम. १०० ओहम तेवढा दोन्हीकडून सारखाच वाचता येतो. त्यातच तपकिरी, लाल आणि नारिंगी हे रंग दिव्याच्या पिवळ्या उजेडात एकमेकांत मिसळतात. त्यामुळे रंग पाहून पुडी निवडावी, पण प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजल्याखेरीज बोर्डावर जाऊ देऊ नये. साठ-सत्तर रेझिस्टर मोजायला अर्धा तास लागतो; सोल्डर केलेला एक चुकीचा रेझिस्टर शोधायला रविवार लागतो, कारण बोर्डावर त्याला समांतर असलेले दुसरे भाग मीटरला खोटे आकडे दाखवतात.

सिरॅमिक कपॅसिटरवरील आकडे याहून फसवे. १०१ म्हणजे १०० पिकोफॅरड, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, पण नुसते १०० लिहिलेले असेल तर तो बहुधा १० पिकोफॅरडचा असतो, आणि ४७० लिहिलेला ४७ पिकोफॅरडचा, कारण शेवटचे शून्य हे ‘पुढे एकही शून्य नाही’ असे सांगणारे असते. आता हा कपॅसिटर जर व्होल्टेज वाढवणाऱ्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस यांच्यामधला स्थैर्य राखणारा कपॅसिटर असेल, आणि १०० पिकोफॅरडच्या जागी १० चा बसला असेल, तर ॲम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर स्वतःच दोलायमान होतो. लक्षणे ठरलेली आहेत : इनपुटला काहीही नसताना हीटसिंक तापतो, आउटपुटवरील १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडच्या जोडीतला रेझिस्टर काळा पडतो, आणि शेजारी ठेवलेला मध्यम लहरींचा रेडिओ खरखरू लागतो. हा रेझिस्टर जळाला म्हणून अनेकजण अधिक वॅटचा घालतात आणि मूळ रोग तसाच ठेवतात. याच स्थैर्य-कपॅसिटरला जवळजवळ दोन्ही पट्ट्यांमधला पूर्ण व्होल्टेज सोसावा लागत असल्याने ५० व्होल्टचा भाग येथे चालत नाही. किमान १०० व्होल्टचा, आणि सी०जी किंवा एनपी० (तापमानाने आकडा न बदलणाऱ्या) प्रकारचा घ्यावा.

आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या एमिटरमधील ०.२२ ओहमचे पांढरे रेझिस्टर साध्या मीटरने मोजता येत नाहीत, कारण मीटरच्या तारांचाच रोध तितका असतो. त्यांतून १ अँपिअर प्रवाह सोडावा आणि दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजावेत; २२० च्या आसपास आले तर भाग बरोबर. पुडीत ०.२२ च्या जोडीला २.२ ओहमचा एखादा भाग येणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर

येथे न बसण्याची तक्रार सर्वाधिक येते. ५ मिमी व्यासाच्या डब्याचे पाय २ मिमी अंतरावर असतात, ६.३ मिमीच्या डब्याचे २.५, ८ मिमीच्या डब्याचे ३.५, १० आणि १३ मिमीच्या डब्यांचे ५, तर १६ आणि १८ मिमीच्या डब्यांचे ७.५ मिमीवर. खटक्याने बसणाऱ्या जाड पायांच्या मोठ्या डब्यांत हे अंतर १० मिमी असते. बोर्डावरचे अंतर एका पायरीने कमी-जास्त असेल तर पाय बुडापासून दोन-तीन मिमी सोडून पकडीने धरावेत आणि तिथून वळवावेत. बुडापाशीच फाकवले तर पाय ज्या रबरी बुचातून बाहेर येतात त्याची सील सैल होते आणि आतला द्रव हळूहळू सुकू लागतो. हा दोष वर्षभराने उगवतो आणि मग त्याचा संबंध त्या दिवशीच्या घाईशी कुणी लावत नाही. दोन पायऱ्यांचा फरक असेल तर डबाच बदलावा.

जागेत बसावा म्हणून व्होल्टेजशी तडजोड करण्याचा मोह मात्र आवरावा. २४ व्होल्ट गुणिले १.४१४ म्हणजे जवळपास ३४. डायोडचा ऱ्हास वजा जाता ३३ उरतात, हे खरे. पण भार नसताना ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा जास्तच देतो, आणि वीजपुरवठा स्वतःही वर-खाली होत असतो. ३५ व्होल्टचा कपॅसिटर येथे पहिल्याच दिवशी मर्यादेवर उभा असतो. ५० व्होल्टचाच घ्यावा, आणि तो उंच असेल तर आडवा निजवून, पट्टीने बांधून बसवावा.

छापलेल्या धारितेवर (मायक्रोफॅरडच्या आकड्यावर) विश्वास ठेवण्यापूर्वी तीही मोजावी, कारण मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर घालून वरून नवे वेष्टन चढवलेला माल अस्तित्वात आहे. मीटरची मर्यादा अपुरी पडत असेल तर १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्टवर कपॅसिटर भरत जावा आणि घड्याळ पाहावे : १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० सेकंदांत ७.६ व्होल्टवर पोचतो. वीस टक्क्यांपर्यंतचा फरक नेहमीचाच समजावा. तो ३ सेकंदांतच पोचला तर त्याच्या डब्यात लिहिले आहे तेवढे काही नाही.

ध्रुवता उलटी बसण्याचे कारण बहुतेकदा निष्काळजीपणा नसून खुणांची पद्धत असते : बोर्डावर धन टोकाला खूण असते आणि डब्यावर ऋण टोकाला पट्टा. वीज देण्यापूर्वी सगळ्या डब्यांवरून या एकाच दृष्टीने एक फेरी मारावी.

आउटपुट ट्रान्झिस्टर खरे आहेत का?

आता त्या जळणाऱ्या जोडीकडे येऊ. वरील सर्व तपासून झाले आणि तरीही जोडी जात असेल, विशेषतः शांत असताना टिकून आवाज वाढवल्यावरच जात असेल, तर खोट्या भागांचा संशय रास्त ठरतो. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी इतकी लोकप्रिय आहे, की तिच्या नावाने दुसरेच काही विकले जाणे अपरिहार्यच होते. मूळ भाग २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॅटचा. नकलेत त्याच आकाराच्या काळ्या आवरणाखाली एखाद्या लहान ट्रान्झिस्टरची सिलिकॉन चकती बसवलेली असते. ती सामान्य तपासणीत निर्दोष वाटते, कारण मीटरचा डायोडचा किंवा एचएफईचा पल्ला मोजकेच मिलिअँपिअर वापरतो आणि तेवढ्या प्रवाहाला लहान चकतीही पुरते.

अक्षरे ॲसिटोनने पुसली जातात का हे पाहणे ही प्रसिद्ध युक्ती आहे, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. जुन्या काळच्या अस्सल भागांवरही शाईची अक्षरे असत, आणि आजच्या नकलांवर लेझरने कोरलेली असतात. धारिता मोजणे अधिक उपयोगी. कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये, एमिटर मोकळा ठेवून, पिकोफॅरड मोजणाऱ्या मीटरने मापन करावे. माहितीपत्रकात २एससी५२०० साठी १० व्होल्टवर साधारण २०० आणि २एसए१९४३ साठी ३६० पिकोफॅरड दिलेले असतात. हातातला मीटर जवळजवळ शून्य व्होल्टवर मोजत असल्याने त्याचा आकडा याहून बराच मोठा यायला हवा. तो माहितीपत्रकातील आकड्यापेक्षाही लहान आला, तर आतली चकती लहान आहे असे निःशंक समजावे. अस्सल असल्याची खात्री असलेला एक जुना ट्रान्झिस्टर जवळ ठेवला तर तुलना सोपी होते. तुलना करताना एनपीएनची एनपीएनशीच करावी. दोन प्रकारांत मुळातच फरक असतो.

अखेरची कसोटी म्हणजे प्रत्यक्ष काम करवून घेणे. ट्रान्झिस्टर मोठ्या हीटसिंकवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून घट्ट बसवावा, एमिटरमध्ये १ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर ठेवावा, प्रवाहाची मर्यादा घालता येणाऱ्या पुरवठ्यावरून २५ व्होल्ट द्यावेत आणि बेसचा प्रवाह हळूहळू वाढवत कलेक्टरचा प्रवाह १ अँपिअरवर आणावा. एवढे २५ वॅट अस्सल भाग सहज पचवतो. नक्कल काही मिनिटांतच शॉर्ट होते, आणि ती प्रयोगाच्या टेबलावर शॉर्ट होणे हे स्पीकरसकट शॉर्ट होण्यापेक्षा केव्हाही बरे. याच वेळी बेसचा प्रवाह मोजला तर एचएफई मिळतो. माहितीपत्रकानुसार तो १ अँपिअरला ५५ ते १६० च्या दरम्यान असावा. मेलेला नग फोडून आतली चकती पाहण्याचा उद्योगही एकदा करावा. मोठ्या तांब्याच्या पत्र्यावर मधोमध चिकटवलेला एवढासा ठिपका दिसला, की पुढच्या खेपेला भाग कुठून घ्यायचे नाहीत याबद्दल वाद उरत नाही.

हीटसिंकवर बसवताना

थंड असताना ॲम्प्लिफायर ठीक चालतो आणि दहा मिनिटांनी फ्यूज उडतो, असा दोष माझ्याच त्या स्टिरिओच्या डाव्या चॅनेलला होता. वीज अडवणारी अभ्रकाची चकती लावलेली होती, मीटर ट्रान्झिस्टरची धातूची पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये अनंत रोध दाखवत होता. कारण निघाले ते भोक पाडताना कडेला उरलेल्या धातूच्या बारीक कोरेत. हीटसिंक तापून प्रसरण पावला की ती कोर अभ्रकातून आरपार जाऊन पाठीला टेकत असे, आणि थंड झाला की पुन्हा मागे येत असे. ५-६ मिमीचे ड्रिलचे पाते बोटांनीच त्या भोकाच्या तोंडावर फिरवून कोर काढली, काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर पृष्ठभाग सपाट केला आणि नवी चकती घातली. तेव्हापासून इन्सुलेशन दोनदा तपासण्याची सवय लागली : एकदा थंड असताना, एकदा गरम असताना.

२एससी५२०० सारख्या मोठ्या आवरणात स्क्रूचे भोक प्लॅस्टिकमधून जाते, म्हणून पाठीमागे अभ्रक पुरते. टीओ-२२० च्या पाठीचे भोक उघड्या धातूत असते, तिथे अभ्रकाबरोबर स्क्रूभोवती प्लॅस्टिकचे बुशही लागते. किटमध्ये ते नसेल तर काम तिथेच थांबवावे. आयसीच्या किटमध्ये कोणती पाठ कशाला जोडलेली आहे हे आधी वाचावे. टीडीए२०३०, टीडीए७२९४ आणि एलएम३८८६टी यांची धातूची पाठ ऋण पुरवठ्याला जोडलेली असते, जमिनीला (ग्राउंडला) नव्हे. एलएम३८८६टीएफ मात्र प्लॅस्टिकने पूर्ण मढवलेला असतो आणि त्याला अभ्रक लागत नाही.

हीटसिंकची भोके आणि बोर्डावरची भोके जुळत नसतील तर आधी सोल्डर करून नंतर स्क्रूने ओढून बसवणे हा सर्वांत वाईट मार्ग. त्या ताणाने बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडतो किंवा आवरणाच्या आत पायाचा सांधा तडकतो. क्रम उलटा ठेवावा : बोर्ड आणि हीटसिंक आपापल्या अंतिम जागी पक्के करावेत, ट्रान्झिस्टर पेस्ट आणि अभ्रकासह स्क्रूने आवळावेत, पाय भोकांत मोकळे आहेत हे पाहावे आणि मगच सोल्डर करावे. नवीन भोक पाडावे लागले तर एम३ स्क्रूचे आटे पाडण्यासाठी २.५ मिमीचे ड्रिल वापरावे. पेस्टचा थर इतका पातळ असावा, की अभ्रक तिच्यातून दिसावा.

उरलेल्या काही गोष्टी

१एन५४०८ डायोडचे पाय १.२ मिमीहून जाड असतात आणि १एन४००७ साठी पाडलेल्या १ मिमीच्या भोकात ते जात नाहीत. पाय कानसून बारीक करू नयेत. पॅड पुरेसा रुंद असेल तर १.५ मिमीचे भोक पाडावे, नसेल तर चॅसीवर वेगळा ब्रिज (चार डायोडांचा एकत्र भाग) बसवून तारा आणाव्यात. पॅड उखडलाच, तर ट्रॅकवरचा हिरवा थर खरवडून तांबे उघडे करावे आणि भागाचा पायच त्यावर निजवून सोल्डर करावा.

७८१५ आणि ७९१५ हे रेग्युलेटर दिसायला जुळे भाऊ, पण पायांचा क्रम वेगळा : ७८१५ मध्ये इनपुट, जमीन, आउटपुट, ७९१५ मध्ये जमीन, इनपुट, आउटपुट, आणि त्याची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाविना लावू नयेत.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन स्वतंत्र सेकंडरी (वीज बाहेर देणारी वेटोळी) एकसरीत जोडताना टोके चुकली तर बाहेरच्या दोन तारांमध्ये ४८ ऐवजी शून्य व्होल्ट मिळतात. बोर्ड जोडण्यापूर्वीच मोजले तर यात काही बिघडत नाही. आवाजाचा पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) बोर्डात बसत नसेल तर त्याला वाकवत बसू नये, शील्ड असलेल्या तारेने पॅनेलवर न्यावा.

वीज दिल्यावरचे आकडे

सीरीज बल्ब मंद झाला की इनपुट शॉर्ट करून आउटपुटवरचा डीसी मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे जावे. तो ८०-१०० च्या आसपास असेल तर इनपुटची ट्रान्झिस्टर जोडी जुळलेली नाही : त्यांच्या बेस प्रवाहांत २ मायक्रोअँपिअरचा फरक असला, तरी २२ किलोओहमच्या रेझिस्टरवर ४४ मिलिव्होल्ट उभे राहतात. एचएफई जुळणारे दोन नग निवडावेत आणि त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवाव्यात. आउटपुट एखाद्या पट्टीच्या व्होल्टेजला जाऊन टेकले असेल तर जुळवाजुळवीचा प्रश्न नाही. फीडबॅकचा (आउटपुटचा अंश मागे इनपुटकडे नेणारा) रेझिस्टर, लहान ट्रान्झिस्टरांचा पायक्रम आणि कोरडे, म्हणजे सोल्डर नीट न धरलेले, सांधे याच क्रमाने पाहावेत.

बायसचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून बदलता येणारा लहान रेझिस्टर) वीज देण्यापूर्वीच किमान प्रवाहाच्या टोकाला नेलेला असावा. हे टोक कोणते ते सर्किटच्या नकाशावरून ठरवावे. प्रीसेट बायस ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यामध्ये असेल तर जास्त रोध म्हणजे कमी बायस, आणि बेस व कलेक्टर यांच्यामध्ये असेल तर याच्या उलट. दुसऱ्या रचनेत प्रीसेटचा सरकता संपर्क खराब निघाला तर बायस एकदम कमाल होतो, आणि पुडीतला सर्वांत स्वस्त भाग सर्वांत महाग भागांना घेऊन बुडतो. म्हणून असा प्रीसेट हातात घेऊन, ओहममीटर लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून पाहावा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर तो वापरू नये.

यानंतर १०० ओहमचे रेझिस्टर काढून फ्यूज लावावेत, आणि ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर, इतका बायस ठेवावा. नकाशात वेगळा आकडा दिला असेल तर तो मानावा. वीस मिनिटांनी, हीटसिंक कोमट झाल्यावर, हाच आकडा पुन्हा पाहावा. तो थोडा खाली-वर होऊन स्थिरावला तर ठीक. चढतच राहिला तर वीज बंद करून बायस ट्रान्झिस्टर हीटसिंकला खरोखर टेकला आहे का ते बघावे. दोन्ही चॅनेलचे आउटपुट डीसी आणि बायस यांचे आकडे हीटसिंकच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे कधी एक चॅनेल बिघडला तर ताडून पाहायला चांगल्या स्थितीतले आकडे हाताशी असतील.